अळीची भोकं, मागाची भोकं

सोलापूरच्या पूर्व भागात आमची शाळा. खिडक्या उघडल्या की यंत्रमागांचा खडखडाट थेट वर्गात येतो आणि पहिलीची पोरं त्याच तालावर पाढे म्हणतात. बरेचसे पालक मागावर, नाहीतर विड्यांवर. कित्येक घरांत तेलुगू बोलतात. मराठी मुलांच्या कानावर नीट पडते ती शाळेत आल्यावर.

मार्चात सकाळची शाळा सुरू झाली, तेव्हा मी ठरवलं की पहिली ते चौथीला एकच चित्रपुस्तक दाखवायचं आणि प्रत्येक वर्गाकडून त्यावर वेगळं काही करून घ्यायचं. चित्रपुस्तक म्हणजे पहिलीचा खाऊ, हे मला कधीच पटलेलं नाही. चौथीतलं पोरगं चित्रात जे बघतं ते पहिलीतल्याला दिसत नाही, आणि कधी कधी याच्या अगदी उलटही होतं.

निवडलं होतं एरिक कार्ल यांचं १९६९ सालचं 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर'. पुस्तक इंग्रजी, पण मी गोष्ट मराठीत सांगणार होते. अळी सोमवारी एक सफरचंद खाते, मंगळवारी दोन नासपती, असं करत शुक्रवारी पाच संत्री. खाल्लेल्या प्रत्येक फळात खरोखरचं गोल भोक आहे. पहिलीला वार आणि आकडे, दुसरीला 'आपली अळी काय खाईल', तिसरीला रंगवलेल्या कागदांचं चिकटकाम (कार्लही पातळ कागद स्वतः रंगवून, कापून चित्रं करत) आणि चौथीला आवारातल्या कागदी लिंबाच्या झाडावरच्या अळ्यांची नोंदवही. सगळं वहीत लिहून तयार होतं.

व्हरांड्यात सतरंज्या टाकून सगळ्यांना बसवलं. दुसरीच्या पोरांनी लगेच नासपती काढून पेरू घातले, शनिवारी अळीला कडक भाकरी आणि शेंगाचटणीही चारली. मग पुस्तक हातोहात फिरू लागलं आणि तिसरीतल्या एका मुलापाशी येऊन थांबलं.

हा मुलगा वर्षभर 'हजर बाई' यापलीकडे फारसा बोललाच नव्हता. वर्णनात्मक नोंदीत मी त्याच्यापुढे 'बोलण्यास प्रोत्साहनाची गरज' असं लिहिलं होतं. त्यानं भोकात बोट घातलं, पान उलटून मागून पाहिलं, पुन्हा पुढून पाहिलं. बाकीची पोरं 'दे की, दे की' करत होती.

"बाई, असलं आमच्या नान्नाच्या मागावर बी हाय." नान्ना म्हणजे वडील.

"काय आहे?"

"भोकाचे पत्ते. लई भोकं. वरनं फिरत्यात."

मग तो बोलतच राहिला. अडला की तेलुगू शब्द घालायचा आणि शेजारची मुलगी त्याचं मराठी करून द्यायची. चादरीच्या मागाच्या डोक्यावर जकार्ड असतं. त्यावर जाड पुठ्ठ्याचे पत्ते दोरीनं ओवलेले असतात. भोक असेल तिथला उभा धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो आणि मधून आडवा धागा घेऊन धोटा पळतो. पत्ता पुढे सरकला की पुढचा आडवा धागा. चादरीवरचा मोर असा भोकाभोकानं उतरतो. फ्रान्समधल्या ल्यों शहरात १८०४ साली जोसेफ मारी जकार यांनी बसवलेली ही युक्ती मी पुस्तकात वाचली होती. हा पोरगा रोज शाळा सुटल्यावर वडिलांचा डबा घेऊन जाताना ती बघत होता. ती नोंद लिहिताना मी त्याला एकदा तरी मागाबद्दल विचारायला हवं होतं.

वही मी मिटली. लिंबावरच्या अळ्यांची नोंदवही तेवढी चालू ठेवली, कारण अळ्या आपल्यासाठी थांबत नाहीत.

दुसऱ्या दिवशी तो वडिलांना विचारून एक जुना, फाटका पत्ता घेऊन आला. त्यावरून आम्ही आमचे केले: पुठ्ठ्याच्या १२ अरुंद पट्ट्या, प्रत्येकीवर १६ चौकोन. तिसरीनं चौकटीच्या कागदावर अळी रंगवली. पहिली-दुसरीनं रंगवलेल्या प्रत्येक चौकोनाला पंचनं भोक पाडलं. चौथीनं पत्ते वाचून कागद विणायचा होता. उभ्या पट्ट्या हिरव्या, आडव्या पांढऱ्या. भोक आलं की हिरवी वर.

चौथीनं नेमकं उलटं केलं. हिरव्या रानात पांढरी अळी उमटली. दोन मुली रडकुंडीला आल्या, सगळं उसवायला निघाल्या. आमचा पोरगा पुढे झाला आणि त्यानं ते विणकाम उचलून सरळ पालथं केलं. पांढऱ्यावर हिरवी अळी!

"चादरीला बी दोन बाजू असत्यात," तो म्हणाला.

रंग बरोबर आले, पण अळीचं तोंड आता दुसरीकडे फिरलं होतं. ते का फिरलं, यावर चौथीचा वर्ग मधली सुट्टी संपली तरी भांडत होता. मी घंटेकडे दुर्लक्ष केलं.

त्यानंच मला विचारलं, "पुस्तकवाल्यानं माग बघितलावता का?" ते मला माहीत नव्हतं. पण कागदांच्या गठ्ठ्याला पंचनं भोकं पाडताना कार्लना आधी पुस्तकं खाणारा किडा सुचला आणि त्याची पुढे अळी झाली, हे मी त्याला सांगितलं. त्यानं टेबलावरचा पंच उचलला, दोनदा दाबून पाहिला आणि जागेवर ठेवला.

शनिवारी शाळा सुटताना त्याचे वडील आले. केसांत सुताची कुसळं तशीच होती. दारावर आम्ही दोरीनं ओवून टांगलेले बारा पत्ते त्यांनी वरून खाली एकेक करून बोटानं चाचपले. मी काही बोलायच्या आत ते सातव्यावर थांबले.

"बाई, ह्यात एक भोक कमी हाय."

चौथीची पोरं पंच आणायला पळाली.