रंगाखालची कड

हाँगकाँगच्या शेउंग वान भागातलं सुक्या मासळीचं एक जुनं दुकान शेजारच्या गल्लीत हलणार होतं. नव्या दारावर जुनी लाकडी पाटी मावत नव्हती, म्हणून तीच अक्षरं लहान मापात कोरून हवी होती. पाटी उतरवण्याआधी तिची नोंद करण्याचं काम आमच्याकडे होतं. चार अक्षरं, उजवीकडून डावीकडे वाचायची, प्रत्येक साधारण ४५ सेंटिमीटर उंच. शेवटची दोन ‘होइ मेइ’, म्हणजे सुकी मासळी.

अक्षरं बेइवेइ वळणाची. हे वळण मुळात उत्तर वेइ राजवटीच्या (३८६–५३४) शिलालेखांतलं. छिन्नीचे कोन त्यात उतरलेले आहेत. चिंग राजवटीच्या काळात सुलेखनकार चाओ चिछ्यान (१८२९–१८८४) यांनी ते कुंचल्यात आणलं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या हाँगकाँगमध्ये आउ किन-कुंग यांच्यासारख्या सुलेखनकारांनी ते दुकानांच्या पाट्यांवर नेलं. आडवी रेघ उजवीकडे चढते, टिंब त्रिकोणी असतं, रेघेची सुरुवात धारदार असते. गर्दीच्या रस्त्यात हे अक्षर लांबून उठून दिसतं ते या कडांमुळे. त्या बोथट झाल्या की उरतं ते नुसतं जाड अक्षर.

फोटो काढलेच, पण फोटोवरून कोरायला देता येत नाही. मोबाइलची रुंद लेन्स टोकाची अक्षरं ताणते. शक्य तितकं मागे जाऊन, कॅमेरा पाटीच्या मध्याच्या उंचीवर ठेवून आणि मोजपट्टी चौकटीत घेऊनच फोटो घ्यावा. ओल्या कागदाचा ठसा शिलालेखाला ठीक, इथे अजिबात नको. ओलाव्याने आणि दाबाने सोन्याचा वर्ख सुटतो. अक्षरं गिरवून घ्यायला आम्ही १०० मायक्रॉनची पारदर्शक पॉलिएस्टर फिल्म वापरतो. ट्रेसिंग पेपर दमट हवेत फुगतो आणि माप चुकतं. फिल्मची चिकटपट्टी फक्त चौकटीच्या लाकडावर लावायची, अक्षराला कुठेही नाही.

गिरवायच्या आधी विजेरी पाटीला जवळजवळ टेकवून तिरपा उजेड टाकला आणि काम बदललं. ‘होइ’च्या डाव्या अंगाला पाण्याचे तीन थेंब असतात, तिसरा खालून वर उसळतो. वरवर पाहता त्याचं टोक गोल होतं. तिरप्या उजेडात त्याच्या आत दुसरी, टोकदार कड दिसली. बाहेरचा थर पितळेच्या भुकटीचा सोनेरी रंग होता, काही ठिकाणी तपकिरी-हिरवा पडलेला. खरा वर्ख असा काळवंडत नाही. म्हणजे नंतर कुणीतरी पाटी रंगवताना जवळजवळ प्रत्येक टोकावरून दोन-तीन मिलिमीटर बाहेर गेलं होतं. ४५ सेंटिमीटरच्या अक्षरात एवढ्याने थेंबाचा त्रिकोण मोडतो आणि ‘मेइ’च्या उजव्या पायाची धार जाते.

डाव्या कोपऱ्यात रंगाने बुजलेली बारीक ओळ होती. तिरप्या उजेडात सुलेखनकाराचं नाव अर्धवट लागलं, वर्ष मात्र पूर्ण: साठ वर्षांच्या चक्रातलं दहावं खोड, सहावी शाखा. चिनी पंचांगात दहा ‘खोडं’ आणि बारा ‘शाखा’ यांच्या जोडीने वर्षाचं नाव ठरतं. आपल्या संवत्सरांसारखंच हे चक्र ६० वर्षांनी फिरतं. त्यामुळे १८९३, १९५३, २०१३ यांतलं कोणतंही वर्ष असू शकतं. दुकान महायुद्धानंतरचं आणि पाटी त्याच नावाची, म्हणून १८९३ नाही; पाटी जुनी, म्हणून २०१३ही नाही. त्यामुळे १९५३. आपल्याकडे तेव्हा विजय संवत्सर होतं.

मग फिल्मवर दोन रेषा काढल्या. आजची रंगाची कड निळी, मूळ कोरलेली कड लाल. जिथे लाल कड दिसत नव्हती तिथे तुटक रेषा. अंदाजाने अखंड रेषा काढायची नाही. फिल्म पट्ट्या-पट्ट्यांनी ४०० डीपीआयला (इंचाला ४०० ठिपके) स्कॅन केली, प्रत्येक पट्टीत तीन सेंटिमीटर आधीचा भाग पुन्हा घेऊन. संगणकाला आपोआप बाह्यरेषा काढायला दिली तर तो नेमके कोपरेच गोल करतो, म्हणून बिंदू हातानेच ठेवले: प्रत्येक तीक्ष्ण कोपऱ्यावर एक, वळणाला जितके कमी तितके बरे.

पाटी अक्षरं वर ठेवून, ॲसिडविरहित कागदात गुंडाळून ठेवली. पितळी रंग तसाच ठेवला. तो काढणं हे वेगळं काम आहे आणि घाईत वर्खही निघून येतो. कोरणाऱ्याला लाल रेषेची फाइल दिली. सोबत तुटक जागांची यादी, म्हणजे तिथलं वळण तो बाकीच्या तीन अक्षरांतल्या तशाच रेघांवरून ठरवेल.