आईला घेऊन बाळंतपणाच्या क्लासला

‘मला औषधांशिवाय बाळंतपण करायचंय’ असं मी ज्यांना ज्यांना सांगितलं, त्या सगळ्यांनी एकच विचारलं, “म्हणजे नॉर्मलच ना?” आपल्याकडे सिझर झालं नाही की ते नॉर्मल. त्यात कळा वाढवायचं सलाईन लावलं, एपिड्युरल म्हणजे कळा बधिर करणारं पाठीतलं इंजेक्शन दिलं, खाली कात्री लावून टाके घातले, तरी नॉर्मलच. मला हवं होतं ते जरा वेगळं होतं. कळा आपणहून सुरू व्हाव्यात, गरज नसताना सलाईन नको, कळा मारायचं इंजेक्शन नको. आजीची पाच बाळंतपणं घरी सुईणीच्या हातून झाली. याच्यासाठी फी भरून शिकायला जायचंय म्हटल्यावर ती मनसोक्त हसली असती.

पाचव्या महिन्यात क्लास शोधायला घेतला. पुण्यात क्लासांना तोटा नाही, पण बहुतेक पाट्या गर्भसंस्काराच्या. अशाच एका ठिकाणी नमुन्याच्या तासाला बसले. तानपुरा, श्लोक, तुपाचं महत्त्व, मंद दिवे. तासभर छान वाटलं, खोटं कशाला बोलू. शेवटी विचारलं, कळा सुरू झाल्यावर नेमकं काय करायचं? “घाबरायचं नाही,” असं उत्तर मिळालं. एवढं मला फुकटातही कळलं असतं.

दुसरा क्लास नाव घातलं होतं त्या हॉस्पिटलचाच, शनिवारी दोन तास, मोफत. त्यातला पाऊण तास नाळेतलं रक्त साठवून ठेवणाऱ्या कंपनीच्या माणसानेच खाल्ला. उरलेल्या वेळात बॅगेत काय भरायचं, फाइल कुठे दाखवायची आणि ‘पेनलेस’चे, म्हणजे त्याच एपिड्युरलचे, जादा पैसे किती. कळांमध्ये चालता येईल का, असं एकीने विचारलं, तर “ते सिस्टर सांगतील” म्हणून विषय संपला. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा आकडा माझ्या डोक्यात होता: देशात खासगी दवाखान्यांतल्या बाळंतपणांपैकी ४७ टक्के सिझर. त्यामुळे ‘सिस्टर सांगतील’वर माझा जीव काही भरेना.

तिसरा ऑनलाइन, ब्रॅडली पद्धतीचा, बारा तासिकांचा. अमेरिकेतल्या रॉबर्ट ब्रॅडली नावाच्या डॉक्टरने ही पद्धत काढली. तिच्यात नवरा हाच कोच. आमचे हे एकदम खूश, वही-पेन घेऊन बसायला तयार. मी पैसे भरणारच होते. तेवढ्यात घरात ठरलं की पहिलं बाळंतपण माहेरी, सांगलीला. मलाही तेच हवं होतं. सांगलीच्या डॉक्टरबाईंची लेबर रूम मात्र सामाईक. दोन टेबलं, मध्ये पडदा. आत एकच बाई सोबत थांबू शकते, पुरुष नाही. म्हणजे बारा आठवडे शिकून तयार झालेला कोच ऐन वेळी बाहेरच्या बाकावर.

चौथा फोन लावला तो कर्वेनगरातल्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंना. लमाझ या श्वासाच्या पद्धतीच्या अंगाने जाणारे सहा रविवार. फी सांगण्याआधी त्यांनी मलाच विचारलं, “खोलीत तुझ्याबरोबर कोण असणार?” आधीच्या तिन्ही ठिकाणी मला कुणी काहीच विचारलं नव्हतं. आई असेल म्हटलं. “मग नवऱ्याला कशाला आणतेस? आईला आण.” तिथेच माझं ठरलं. एरवीही हे काही विचित्र नव्हतं. सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीसोबत एक बाई राहू शकते आणि तिने स्वतः कळा सोसलेल्या असाव्यात, असं केंद्र सरकारने २०१६मध्येच म्हटलंय. माझी आई त्यात नेमकी बसत होती.

आईला पटवणं ही वेगळी कथा. “अगं, मला दोन पोरं झाली, मी काय शिकू?” डोहाळजेवणासाठी महिनाभर पुण्याला राहायला आलीच होती, म्हणून कुरकुरत एका रविवारी आली. बाकीच्या चार जोड्यांमध्ये नवरे, आणि आमच्या जोडीत नऊवारीतून सहावारीवर आलेली माझी आई.

पहिल्या दिवशी मुठीत बर्फ धरून एक मिनिट श्वास सोडत राहायचा सराव होता. आई म्हणाली, “बर्फाची काय कळ गं!” आणि तिसाव्या सेकंदाला तिनेच टाकला. फर्नांद लमाझ हा फ्रेंच डॉक्टर १९५१मध्ये सोव्हिएत रशियात जाऊन ही श्वासाची पद्धत बघून आला, असं मॅडमनी सांगितलं. पण सिनेमातल्यासारखं हू-हू करणं आता सक्तीचं नाही. जो श्वास जमेल तो. जोर होता हालचालीवर. चालणं, ओणवं होऊन पलंगाला टेकणं, कुशीवर झोपणं, उताणं मात्र शक्यतो नाही. आणि कंबरेवर दाब. माकडहाडाच्या वर मुठीने दाबायचं, किंवा दोन्ही कुल्ले तळव्यांनी आत ढकलायचे. यात आईने सगळ्या नवऱ्यांना मागे टाकलं. चाळीस वर्षं भाकऱ्या थापलेले हात. मॅडम म्हणाल्या, “काकू, तुम्हीच शिकवा आता यांना.” त्यानंतर कुरकुर बंद.

चौथा तास सिझरवर होता. आई तोंड फिरवून बसली, “असलं अभद्र कशाला?” मला मात्र तोच तास सर्वांत मोलाचा वाटला. औषधांशिवाय होईलच, अशी हमी मॅडमनी कधी दिली नाही. उलट, कुणी काही सुचवलं तर फायदा काय, धोका काय आणि तासभर थांबलो तर चालेल का, हे तीन प्रश्न घोकून घेतले. सांगलीच्या डॉक्टरबाईंना आत्ताच भेट, हेही त्यांनीच बजावलं. भेटले. चाल की, पाणी पी की, म्हणाल्या. सलाईन गरज पडली तरच. “पण शेवटी टेबलावरच हं.” कुशीवर चालेल का, विचारलं. थोडा विचार करून हो म्हणाल्या. हा प्रश्न मला क्लासशिवाय सुचला नसता.

रजा प्रसूतीच्या आधी आठ आठवडे घेता येते. ती घेऊन सांगलीला गेले. एकोणचाळिसाव्या आठवड्यात रात्री दोनला कळा सुरू झाल्या, सगळ्या पाठीत. बाळाची पाठ माझ्या पाठीकडे होती. सकाळपर्यंत घरीच ओट्याला टेकून काढलं. दुपारी लेबर रूममध्ये, पिशवीचं तोंड आठ सेंटिमीटर उघडलेलं असताना, माझा धीर सुटला. इंजेक्शन द्या म्हणून ओरडले. आईने मॅडमचंच वाक्य काढलं, “दहा कळा जाऊ दे, मग सांगू.” सहाव्या कळेला मोजणं विसरले, आणि जोर यायला लागला.

मुलगी झाली, चार वाजून दहा मिनिटांनी, मी डाव्या कुशीवर असताना. नंतर मांडीत ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन घेतलं; जास्त रक्तस्राव टाळण्यासाठी ते घ्यायचंच, हे आधीच ठरवलं होतं. दोन टाक्यांसाठी जागा बधिर करून घेतली, तीही अगदी आनंदाने. तेवढ्यापुरतं माझं ‘औषधांशिवाय’ मोडलं म्हणा हवं तर.

दुसऱ्या दिवशी आईची दोन्ही मनगटं सुजली होती. अळिवाचे लाडू शेजारच्या काकूंनी वळून दिले.