नॉक्स सेन्सर बदला म्हणाले, दोष निघाला वायरीत

आमची सहाचाकी बीएस-६ गाडी बेळगावात भाजी भरते आणि जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून गोव्यात माल टाकते. पावसाळ्यात तिचा चेक लाइट लागायला लागला. आधी तो घाटात लागायचा आणि सपाट रस्त्याला विझायचा. पुढे विझेनासाच झाला. मग एकदा गोव्याहून येताना, गाडी रिकामी असूनही, चढावर ओढेना. एक्सलेटर पूर्ण दाबला तरी इंजिन ठरावीक जोरापलीकडे जाईना. धूर नाही, आवाज नाही. बीएस-६ गाड्यांत हे मुद्दाम केलेलं असतं. धूर साफ करणाऱ्या यंत्रणेतला दोष दुरुस्त झाला नाही तर कॉम्प्युटर आधी दिवा दाखवतो आणि नंतर इंजिनाची ताकद कापतो.

शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावला. मागचा नॉक्स सेन्सर (धुरातला नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा) गेलाय, नवा टाका, २५ हजारांच्या आसपास खर्च येईल, असं सांगून त्यांनी कॉम्प्युटरने नोंदवलेला दोषाचा कोड पुसून टाकला. पुढच्याच फेरीत तो परत आला. हे कोड पुसणं मला अजिबात पटत नाही. दोष आला तेव्हा इंजिन किती गरम होतं, वेग किती होता, लोड किती होता, ही कोडसोबत साठवलेली माहितीही पुसली जाते आणि पुढच्या माणसाला नव्याने सुरुवात करावी लागते.

दुसऱ्या एकाने वेगळाच मार्ग सुचवला. एक छोटी पेटी बसवायची, ती कॉम्प्युटरला खोटे आकडे पाठवत राहते, दिवा कायमचा बंद. मी सरळ नको म्हटलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये कंपनीने दिलेल्या गाडीत असे फेरफार बसत नाहीत, ते एक झालंच. पण ट्रकच्या इंजिनाला बीएस-४ मध्ये दर किलोवॅट-तासाला ३.५ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडची मुभा होती, ती बीएस-६ मध्ये चालत्या चाचणीत ०.४६ वर आणली आहे. हा फरक या यंत्रणेमुळेच पडतो. आणि पीयूसीत हे पकडलंही जात नाही, कारण डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराचा काळेपणा मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजत नाहीत. म्हणजे सर्टिफिकेट हातात आणि विषारी वायू मार्केट यार्डातल्या हमालांच्या नाकात.

शेवटी ऑटोनगरातल्या एका वायरमनकडे गेलो. मूळचे हुक्केरीकडचे, वयाने मोठे, सगळे त्यांना मामाच म्हणतात. त्यांनी स्कॅनर लावून आकडा कागदावर लिहून घेतला : ३२२६, आणि त्यापुढे ९.

"सेन्सर गेलाय म्हणून कोण सांगितलं तुम्हाला?"

"वर्कशॉपवाले म्हणाले, मामा."

"पहिला आकडा सेन्सरचं नाव सांगतो. काय झालंय ते पुढचा सांगतो, तो बघायला पाहिजे की. ९ म्हणजे याचा निरोपच येत नाही. सेन्सर खराब असेल, नाहीतर त्याला करंट मिळत नसेल, नाहीतर वायर तुटलेली असेल. मोजल्याशिवाय कसं कळणार?"

नॉक्स सेन्सर दोन असतात. कॅटॅलिस्ट म्हणजे युरियाच्या मदतीने नायट्रोजन ऑक्साइड साफ करणारा सायलेन्सरमधला भाग. एक सेन्सर त्याच्या आधी, एक नंतर. दोघांच्या आकड्यांवरून युरियाचा फवारा किती काम करतोय ते कॉम्प्युटरला कळतं. सायलेन्सरमध्ये घुसलेलं टोक आणि वायरच्या दुसऱ्या टोकाची छोटी पेटी मिळून एकच वस्तू असते. तिच्या कपलरवर करंट, अर्थ आणि निरोपाच्या दोन तारा येतात. आतला सिरॅमिक भाग सुमारे ८०० अंशांपर्यंत तापवावा लागतो, त्यासाठी हीटर असतो. सायलेन्सरमधली वाफ सुकेपर्यंत कॉम्प्युटर हा हीटर चालू करत नाही, कारण तापलेल्या सिरॅमिकवर पाण्याचा थेंब पडला तर ते तडकतं. म्हणून थंड गाडी सुरू केल्याबरोबर स्कॅनरवर आकडा आला नाही तर घाबरायचं कारण नाही.

मामांनी मेन स्विच बंद केला आणि ओबीडी सॉकेटच्या (जिथे स्कॅनर जोडतात) ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये मल्टिमीटर धरला. ६० ओहम. निरोपाच्या लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, दोन्ही शाबूत असले की ६० दिसतात. एकच असला तर १२०. मग सेन्सरचा कपलर काढून वायरिंगच्या बाजूला तेच मोजलं. तिथेही ६०. म्हणजे निरोपाच्या तारा ठीक. चावी फिरवून करंट मोजला तर २४ व्होल्ट बरोबर. इथे मला वाटलं, झालं, सेन्सरच घ्यावा लागणार.

मामांनी मीटर बाजूला ठेवला आणि हेडलाइटचा जुना बल्ब दोन वायरींना जोडून त्याच पिनांवर लावला. बल्ब मंद पेटला, वायरिंग हाताने हलवल्यावर विझला, परत पेटला. मीटर नगण्य करंट ओढतो, त्यामुळे एखादाच धागा शिल्लक असला तरी तो २४ दाखवणार. हीटर चालू झाला की तोच धागा हार खातो, व्होल्ट पडतात, पेटी बंद पडते आणि निरोप थांबतो. घाटात गाडी हादरली की लाइट का लागायचा, तेही कळलं.

वायरिंग हाताने चाचपत मागे गेलो. युरियाच्या टाकीखाली पाइपचा एक जॉइंट किंचित पाझरत होता. खालच्या वायरिंगच्या नळीवर पांढरे कडक खडे जमले होते. नळी उसवली तर करंटच्या वायरीचं इन्सुलेशन क्लॅम्पपाशी घासून फाटलेलं, आतलं तांबं पूर्ण हिरवं, नखाने खरवडलं तर भुगा पडत होता. आपण ज्याला युरिया म्हणतो ते ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. ते तांबं आणि पितळ खातं, शिवाय तारेच्या धाग्यांमधून आत चढत जातं. म्हणून मामांनी फाटलेल्या जागेवर नुसती टेप मारली नाही. लखलखीत तांबं दिसेपर्यंत वायर कापत गेले, वीतभराहून जास्त कापावी लागली. मग नवीन तुकडा, झाळ, वरून उष्णतेने आवळणारी नळी, आणि सगळी वायरिंग टाकीपासून लांब, वरच्या बाजूने बांधली. पाइपचा जॉइंटही बदलला. तो तसाच ठेवला असता तर पुढच्या पावसाळ्यात हेच काम परत निघालं असतं.

नंतर बल्ब लख्ख पेटला. सेन्सर जोडून गाडी धारवाड रोडला फिरवली. सायलेन्सर तापल्यावर मागच्या सेन्सरचा आकडा स्कॅनरवर आला आणि पुढच्यापेक्षा बराच खाली स्थिरावला, म्हणजे कॅटॅलिस्टही शाबूत होता. तेव्हाच मामांनी कोड पुसला. पुढच्या फेऱ्यांत तो परत आला नाही, गाडीची ताकदही परत आली. सेन्सर अजून जुनाच आहे. खर्च नव्या सेन्सरच्या किमतीच्या जवळपासही गेला नाही.

निपाणीच्या एका उसाच्या ट्रकवाल्याला हे सांगितलं, तर तो लगेच वायरिंग उकलायला निघाला. त्याचा कोड ४३६४ होता, म्हणजे कॅटॅलिस्टची सफाई कमी पडतेय. त्याचे दोन्ही सेन्सर निरोप देत होते, फक्त मागचा आकडा जास्त होता. त्याला म्हटलं, वायरीला हात लावू नकोस, आधी टाकीतला युरिया तपास. रिफ्रॅक्टोमीटरवर (युरियाचं प्रमाण दाखवणारं छोटं यंत्र) दोन थेंब टाकले तर रेषा ३२.५ च्या बरीच खाली. सुट्या कॅनमधून घेतलेला माल पाणी घातलेला निघाला. आता त्याने टाकी रिकामी करून धुतली आहे आणि सीलबंद कॅन भरलाय. फवाऱ्याच्या तोंडावर खडे जमलेत का, ते बघायचं बाकी आहे.