तुम्ही विचारलंत म्हणून: कोल्हापुरात बसून डायबेटिसची ग्रँट मिळते का?

"मॅडम, कोल्हापुरात बसून डायबेटिसच्या संशोधनाला ग्रँट मिळते का हो?" एमडी करणारी मुलं विचारतात, राजारामपुरीत क्लिनिक थाटलेले डॉक्टर विचारतात, वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणारे विचारतात. मी डॉक्टर नाही. संख्याशास्त्र शिकले आणि मधुमेह-थायरॉइडच्या अभ्यासांचे अर्ज लिहिणं, बजेट मांडणं, माणसं नेमणं आणि शेवटी पैशाचा हिशेब देणं हेच करत आले. म्हणून प्रश्न माझ्या टेबलावर येतो.

मिळते. आता लगेच "किती मिळते?" विचारू नका. आधी मला सांगा, तुमचे पेशंट तुमच्याकडे किती वर्षं टिकणार आहेत? अनुदानाचं सगळं गणित तिथून सुरू होतं.

देणारे कोण, हे पटकन सांगून टाकते. सगळ्यात मोठं घर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं, म्हणजे आयसीएमआरचं. 1911 साली वेगळ्या नावानं सुरू झालेली ही संस्था. तिच्या बाहेरच्या संशोधकांसाठीच्या योजनेत 'लहान' अनुदान म्हणजे 2 कोटी रुपयांपर्यंतचं. हे ऐकून आमच्याकडचे डॉक्टर आधी हसतात आणि मग एकदम गप्प होतात. केंद्राचाच आरोग्य संशोधन विभाग आहे. केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांनी मिळून 2008 साली सुरू केलेली इंडिया अलायन्स आहे. ती प्रकल्पापेक्षा माणसावर पैसे लावते, फेलोशिप देते. विज्ञान-संशोधनाला पैसे देणाऱ्या पूर्वीच्या एसईआरबी या सरकारी मंडळाची जागा आता 2023 च्या कायद्यानं आलेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशननं घेतली आहे. आणि मधुमेहावर काम करणाऱ्या डॉक्टर-संशोधकांची स्वतःची संघटना आरएसएसडीआय, 1972 पासूनची, जी आपल्या सभासदांना संशोधनासाठी पैसे देते. एमबीबीएसच्या मुलांसाठी आयसीएमआरची दोन महिने संशोधन करायची एसटीएस योजना 1979 पासून चालू आहे. विद्यावेतन 50 हजारांपर्यंत गेलंय. घरात मेडिकलला असलेलं पोरगं असेल तर त्याला हा अर्ज भरायला लावाच. संशोधन आपल्याला झेपतं का, हे दोन महिन्यांत कळतं.

औषध कंपन्यांचे पैसे मी या यादीत धरत नाही. ते वाईट असतात म्हणून नव्हे; नीट चाललेल्या ट्रायलमधून माणूस शिस्त शिकतो. पण तिथं प्रश्न कंपनीचा असतो, तुम्ही तो इथं राबवून देता. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची नेहमीची गोळी किती स्वस्त आहे बघा. त्या गोळीबद्दल नवा प्रश्न विचारायला पैसे घेऊन कुठली कंपनी कोल्हापूरला येणार? असले प्रश्न सरकारी किंवा धर्मादाय पैशावरच विचारले जातात.

आता बजेट. डॉक्टरमंडळी पहिला खर्डा आणतात तेव्हा पहिल्या ओळीत यंत्र असतं. शरीरातली चरबी मोजणारं डेक्सा, नाहीतर हार्मोन तपासणारा अ‍ॅनलायझर. यंत्र दिसतं, त्यावर पाटी लावता येते, उद्‌घाटनाला पाहुणे बोलावता येतात. मी ती ओळ खोडते आणि तिथं 'फील्ड वर्कर, 2' असं लिहिते. यावरून माझी बऱ्याच जणांशी तोंडातोंडी झाली आहे आणि पुढंही होईल. कारण मधुमेहाच्या अभ्यासात यंत्रावाचून अडत नाही, ते भाड्यानं मिळतं, नमुना बाहेर पाठवता येतो. अडतं ते पेशंट परत न आल्यामुळं.

रोगाचा स्वभावच तसा आहे. आज साखर वाढलेली कळली, तर डोळ्याच्या पडद्यावर, मूत्रपिंडावर परिणाम दिसायला दहा-पंधरा वर्षं जातात. आणि ग्रँट असते तीन वर्षांची, फार तर चार-पाच. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या अभ्यासाचं नाव सगळे घेतात. 1977 ला सुरू झाला, नव्यानं निदान झालेले 5102 लोक घेतले, निकाल छापून आले 1998 साली. साखर ताब्यात ठेवली तर बारीक रक्तवाहिन्यांचं नुकसान कमी होतं, हे आज कुठलाही डॉक्टर तुम्हाला सहज सांगतो. पण ते कळायला वीस वर्षं पेशंट धरून ठेवावे लागले. आपल्या जवळचं उदाहरण पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं. 1993 साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांच्या गटानं बायकांची मोजमापं गरोदर राहण्याच्या आधीपासून घ्यायला सुरुवात केली. बाळं जन्मली ती सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांपेक्षा पाऊण-एक किलोनं हलकी. हाडामांसानं बारीक, पण चरबी मात्र त्या मानानं राखून असलेली. किरकोळ दिसणाऱ्या आपल्या माणसाला मधुमेह का होतो, याचा एक धागा तिथं सापडला. ती बाळं आज तिशीत आहेत, आणि त्यांच्या मागं कुणीतरी अजून आहे. वेलकम ट्रस्टनं पैसे दिले हे खरंच. पण एका अनुदानाच्या अखेरीला दुसरं हातात असावं लागतं, आणि मधल्या काळात वही बंद पडू द्यायची नसते. हे जमवणारी माणसं फार थोडी.

फील्ड वर्कर काय करते, तेही सांगते. करवीर तालुक्यातलं गाव, सकाळचे साडेसहा. उपाशीपोटीचं रक्त घ्यायचं, मग 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजायचं आणि दोन तासांनी पुन्हा रक्त. आदल्या रात्री घरोघर सांगून झालेलं असतं. तरी ओट्यावर बसलेल्या आजी म्हणतात, "उपाशीच हाय की मी. नुसता कपभर च्या घेतलाय, त्यो बी गुळाचा." गुळाचा चहा म्हणजे उपासच, अशी आपल्याकडची ठाम समजूत. आमची बाई हसून त्यांचं नाव उद्याच्या पानावर लिहिते. रागावली तर आजी उद्या येणार नाहीत, आणि मागोमाग सूनही नाही.

नळीत गेलेलं रक्त काही थांबून राहत नाही. त्यातल्या पेशी साखर खातच असतात. साध्या नळीत, नेहमीच्या तापमानाला, ताशी 5 ते 7 टक्के साखर कमी होते. राखाडी टोपणाच्या नळीतलं फ्लोराइड हे थांबवतं खरं, पण त्यालाही पहिला तास-दीड तास लागतो. म्हणजे ओट्यावर 128 असलेली साखर खड्ड्यांच्या रस्त्यानं प्रयोगशाळेत पोचेपर्यंत 126 च्या खाली आलेली असू शकते, आणि निदानाची रेघ नेमकी 126 वर आहे. तो माणूस कागदोपत्री मधुमेही राहिलाच नाही! म्हणून बर्फाची पेटी, रक्तातल्या पेशी वेगळ्या काढायला गावातच फिरवायचा लहान सेंट्रिफ्यूज, आणि नळीवर वेळ लिहायची सवय. "एचबीएवनसी करा की, उपाशी राहायची भानगडच नको," असं तरुण डॉक्टर सुचवतात; म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी. पण खेड्यातल्या बायकांच्या अंगात लोह कमी असतं, आणि लोहाच्या कमतरतेनं ते एचबीएवनसी साखर वाढलेली नसतानाही वर चढू शकतं. मग एकाच्या जागी दोन तपासण्या. बजेटमधली ही ओळ पुन्हा माझ्याच अंगावर येते.

शिवाय दोन तास. ऊसतोडीच्या दिवसांत कुणाला दोन तास बसवून ठेवणं म्हणजे त्याची अर्धी मजुरी बुडवणं. ती भरून देता येते, नियमात बसतं. फक्त ती रक्कम आमिष वाटेल इतकी नसावी, हे नैतिकता समिती बघते. बहुतेक अर्जांत ही ओळ नसतेच. मग सहा महिन्यांनी "पार्टिसिपंट्स नॉन-कोऑपरेटिव्ह" असं लिहून मोकळे होतात. मला त्या शब्दांची चीड येते.

हेच देशपातळीवर पाहायचं तर आयसीएमआर-इंडियाब ही मधुमेहाची पाहणी. 1,13,043 माणसं, राज्याराज्यांत दारोदार जाऊन. 2023 साली निष्कर्ष आला: देशात मधुमेही 10.1 कोटी, उंबरठ्यावरचे 13.6 कोटी. महाराष्ट्र पहिल्याच टप्प्यात होता. तेव्हाचा आपला आकडा 8.4 टक्के. हे आकडे भाषणात सगळे वापरतात. दार ठोठावणारी माणसं कुणाला आठवतात?

मग कोल्हापूरनं काय विचारावं? "गूळ चालतो का?" हा प्रश्न इथल्या प्रत्येक ओपीडीत रोज होतो. त्याला ग्रँट लागत नाही, गुळात बहुतांश साखरच असते आणि शरीर ती साखरेसारखीच घेतं. पण गूळ 'चालतो' असं मानणारी माणसं साखरेऐवजी गूळ घेताना तो किती घालतात, दुप्पट घालतात का, आणि वर्षाच्या शेवटी त्यांची साखर कुठं असते, हे मोजता येईल. आणि ते मोजायला शाहू मार्केट यार्डाजवळची, गुळाच्या बाजारातली माणसं उपयोगाची, दिल्लीची नव्हे.

माझा आवडता प्रश्न मात्र पैलवानांचा. तालीम पंचविशी-तिशीत सुटते, खुराक सुटत नाही. दूध, तूप, बदामाची थंडाई चालूच, जोर-बैठका बंद. चाळिशीत या माणसाचं स्वादुपिंड काय म्हणतं? पेठापेठांत तालमी असलेलं हे गाव. माणसं सापडतील, वस्ताद नावं सांगतील, आणि जो माणूस मूळ पेठेत नसेल त्याचा पत्ता कट्ट्यावर मिळेल. परीक्षक विचारतात "हे तुम्हीच का करावं?" तेव्हा याहून चांगलं उत्तर मी कुठल्या अर्जात लिहू शकेन, मला माहीत नाही. एका डॉक्टरांना मी हे सुचवलं तर ते म्हणाले, "मॅडम, जीन्सवर काहीतरी करूया." करा. जीन्सवर करणारे मोठ्या शहरांत पुष्कळ आहेत.

मंजुरीचं पत्र आलं की पेढे वाटतात. मी त्या दिवशी संस्थेच्या लेखाधिकाऱ्याला भेटायला जाते. पैसे हप्त्यानं येतात. खरेदी बहुतेक वेळा जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून, बँकेत पडलेल्या रकमेवर व्याज आलं तर ते सरकारचं, ते परत करायचं. वर्ष संपलं की 'जीएफआर 12-अ' नमुन्यातलं यूसी, म्हणजे पैसे ठरल्या कामालाच गेले याचा दाखला. तो अडला की पुढचा हप्ता अडला. एका प्रकल्पात, नाव घेत नाही, सहीसाठी फाइल एका टेबलावर पडून राहिली आणि आमच्या दोघी फील्ड वर्कर कित्येक महिने बिनपगारी गावं फिरल्या. का फिरल्या? "माणसं वाट बघत असतील" म्हणून. त्यांच्या नावानं शोधनिबंधात शेवटी आभाराची एक ओळ असते.

बाकीच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. नैतिकता समितीची परवानगी, उपचारांची चाचणी असेल तर सीटीआरआय या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत आधी नोंद, परदेशी भागीदार असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी. वेळ लागतो, पण होतं. महापुराचा विचार मात्र अर्जात तुम्हालाच करावा लागेल. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेनं काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. शिरोळची माणसं छावण्यांत, पाहुण्यांकडे. नमुने ठेवायचा उणे 80 अंशांचा फ्रीझर वीज गेली की डिझेलवर. परीक्षकाला 'जनरेटरचं डिझेल' हा खर्च विचित्र वाटतो. खाली दोन ओळींत पंचगंगा समजावून सांगा, ऐकतात.

क्लिनिकवाल्या डॉक्टरांसाठी वेगळं सांगते. एकट्या दवाखान्याच्या नावावर मोठं सरकारी अनुदान मिळणं अवघडच. संस्था लागते, आणि खासगी संस्थेकडं केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची नोंदणी विचारतात. पण तुमच्याकडं एक गोष्ट आहे जी मोठ्या कॉलेजांकडं नाही: पंधरा-वीस वर्षं तुमच्याचकडं येणारे पेशंट. कॉलेजात निवासी डॉक्टर बदलतात, केसपेपर हरवतात. तुमच्या कपाटातल्या फायली आधी धूळ झटकून एका तक्त्यात भरा: निदानाचं वर्ष, वजन, साखर, डोळे तपासले का, औषध कधी बदललं. भरून झालं की कॉलेजातला एखादा प्राध्यापक जोडीला घ्या आणि आरएसएसडीआयसारख्या ठिकाणी छोटा अर्ज टाका. मोठ्या अर्जाच्या वेळी त्याचाच पुरावा होतो.

आणि वेळापत्रक लिहिताना 'महिना 1 ते 6: नमुने गोळा करणे' असं बिनधास्त लिहू नका. पैसे कुठल्या महिन्यात हातात पडतील हे तुमच्या हातात नाही, आणि पहिला महिना नेमका गळिताच्या हंगामात आला तर शिवारातली माणसं तुम्हाला मार्चअखेरपर्यंत भेटणार नाहीत. तोवर फील्ड वर्करचं प्रशिक्षण, यादी, पत्ते, फोन नंबर, आणि शेजाऱ्याचा फोन नंबर एवढं उरकून घ्या. शेजाऱ्याचा नंबर जरूर घ्या. पेशंटचा नंबर दर रिचार्जला बदलतो.