आमची वाटचाल : फ्लेक्सपासून स्टेटसपर्यंत

सांगलीत आमचं डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, पतसंस्थांचे अहवाल. मराठी टायपिंगचं श्रीलिपी आणि मांडणीचं कोरलड्रॉ एवढ्या भांडवलावर घर चाललं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लग्नं, जत्रा, सभा सगळंच थांबलं आणि फ्लेक्सच्या मशीनवर चादर पडली.

त्या दिवसांत जुनी गिऱ्हाइकं फोनवर एकच मागायची, "आमची फेसबुकची पोस्ट जरा फोटो करून द्या, स्टेटसला ठेवायचीय." तोवर ती स्क्रीनशॉट फिरवत. एका क्लासच्या सरांची निकालाची पोस्ट पालकांच्या ग्रुपवर गेली ती बॅटरी सात टक्के आणि थकलेल्या हप्त्याच्या मेसेजसकट! कोरलमध्ये एक पोस्ट मांडायला वीस मिनिटं लागायची. भाचा इंजिनिअरिंगला होता. म्हणाला, "मामा, हे कोडने होईल."

पहिला प्रयोग पायथन भाषेतल्या पिलो या चित्रं बनवणाऱ्या लायब्ररीवर केला. इंग्रजी झकास. 'हार्दिक शुभेच्छा' टाकलं तर रफार चढलाच नाही, र पाय मोडून उभा, आणि 'दि'ची वेलांटी द च्या आधी यायची ती मागे राहिलेली. पिलोच्या जोडीला राक्म ही अक्षरं जुळवणारी लायब्ररी नसेल तर ते युनिकोडची चिन्हं टाइप केलेल्या क्रमाने नुसती ओळीत लावतं, जोडाक्षरं जुळवत नाही. मग पोस्टचा मजकूर एचटीएमएलच्या, म्हणजे वेबपानाच्या साच्यात घातला, पडद्याविना चालणारं क्रोम पपेटिअर या कोडमधून ब्राउझर चालवणाऱ्या साधनाने उघडलं आणि १०८० बाय १०८० पिक्सेलचं चित्र काढलं. क्रोमला देवनागरी येते.

सर्व्हरवर चढवलं तर अक्षरांच्या जागी चौकोन. तिथे मराठी फॉन्टच नव्हता! मुक्ता नावाचा फॉन्ट घातला. फॉन्ट उतरायच्या आत चित्र निघत होतं, म्हणून document.fonts.ready ची वाट बघायला लावली. ही ओळ भाच्याने लिहिली, मी नुसती पाठ केली. आणखी एक: ल आणि श हिंदी वळणाचे आले तर पानाची भाषा मराठी असल्याचं कोडमध्ये सांगावं लागतं. फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतील तर तो मराठीचं उचलतो. पत्रिका छापणाऱ्याला असला ल डोळ्यात खुपतोच.

सगळ्यात छळलं ते पिवळ्यावरच्या लाल अक्षरांनी. फ्लेक्सवर तेच उठून दिसतं. जेपेग या फोटोच्या नेहमीच्या फाइलमध्ये मात्र रंगाची माहिती बहुधा निम्म्या बारकाव्याने साठवतात, त्यामुळे व्हॉट्सॲपवर पाठवताना चित्र आणखी दाबलं गेलं की कडा फिसकटतात. आता आम्ही पिवळ्यावर गडद तपकिरी देतो. गिऱ्हाइकाला तो लाल रंगच वाटतो.

मजकूर मावेना तर कोड अक्षर लहान करत जातो, ३६ पिक्सेलच्या खाली मात्र नाही. उरलेला दुसऱ्या चित्रावर. एका पुढाऱ्यांच्या पोस्टची पाच-पाच चित्रं होतात. "साहेब, थोडक्यात लिहा" हे सांगायला मी बायकोला पुढे करतो. हिशेब तीच बघते, त्यामुळे तिचं ऐकतात.