बासरी रियाज, चौथा आठवडा: अर्ध्या छिद्राचा मध्यम आणि पडद्यावरची रेघ

पांढरी 3 ची बासरी, म्हणजे जिचा षड्ज पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीचा. फोन स्टँडवर, दोन फुटांवर, फुंकेच्या झोताबाहेर; त्यात ट्यूनर ॲप, जे वाजणारा सूर पडद्यावर रेघेने दाखवतं. तानपुरा हेडफोनमधून, एकाच कानात. तो स्पीकरवर लावला की ॲप तानपुऱ्याचाच सूर पकडतं आणि रेघ सरळ दिसते, पण ती आपली नसते.

षड्ज 329.6 हर्ट्झ, हा झाला कागदावरचा आकडा. गार बासरी उतरलेली असते. आतली हवा 1 अंशाने तापली की सूर साधारण 3 सेंट चढतो (सेंट म्हणजे पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). म्हणून 10 मिनिटं वाजवून मगच षड्ज ठरवायचा आणि तानपुरा त्याला मिळवायचा.

ट्यूनरच्या खुणा बहुधा पेटीच्या समान अंतरांच्या असतात. त्यात गंधार षड्जापासून 400 सेंटवर. तानपुऱ्यात विरघळणारा शुद्ध गंधार 386 वर. रेघ खुणेवर आणायच्या नादात गंधार 14 सेंट चढा लागतो. तसाच शुद्ध धैवत 884, निषाद 1088. हे आकडे फोनशेजारी लिहून ठेवा.

या आठवड्याचा भर शुद्ध मध्यमावर. सगळी छिद्रं उघडली की तीव्र मध्यम; शुद्धसाठी वरचं छिद्र अर्धं झाकायचं. शुद्ध मध्यमाची जागा 498 सेंट; रेघ सरळ पण त्याच्या वर असेल, तर बोट कमी झाकतंय. लाटेसारखी हलत असेल, तर बोट टोकावर उभं आहे, पेराची गादी टेकलेली नाही. बोट उचलू नका, जागच्या जागी लोळवा. लक्ष्य: 8 सेकंद, दोन्ही बाजूंना 10 सेंटच्या आत.

लांब षड्जाची रेघ शेवटी खाली वाकते, कारण दम सरताना फुंकेचा वेग घटतो. ओठांची फट बारीक केली की सावरते.

आता सगळ्यात महत्त्वाचं: रेघ सतत बघू नका. साल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर या संशोधकांनी 1984 मध्येच मांडलं होतं की सततच्या सूचनेवर शिकणारा विसंबतो आणि ती काढली की कौशल्य ढासळतं. म्हणून 10 पैकी 3 स्वर बघून, 7 फोन पालथा ठेवून. प्रत्येकानंतर वहीत अंदाज लिहायचा, चढा की उतरा, आणि मग रेकॉर्डिंगच्या आलेखाशी ताडायचा. कान तयार होतोय की नाही, ते या ताळ्यातच कळतं.

ताना या रेघेवर तपासू नयेत. द्रुत स्वर एकमेकांत मिसळून दिसतात.

पुढचा आठवडा मध्यम-पंचम मींडेचा, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाण्याचा. तिथे फुंकेचा टप्पा बदलतो आणि रेघ हमखास तुटते.