बेड नंबर 7

रात्रपाळीचं हँडओव्हर घेताना केस पेपरवरचं नाव वाचलं आणि मी पटकन पुढचं पान उलटलं. बेड 7. मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक, उजवा हात-पाय लुळा, समजतंय पण बोलता येत नाही, नाकातून नळी, दर 2 तासांनी कूस बदलायची.

या बाई एकेकाळी माझ्या इनचार्ज सिस्टर होत्या. न दिलेल्या एका डोसबद्दल त्यांनी माझ्यावर मेमो काढला होता. ती पाळी माझी नव्हतीच. रजिस्टर समोर ठेवून मी तसं सांगितलं, तरी वर्षभर माझी वेतनवाढ अडकली. नंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. मीही काढला नाही, पण विसरलेही नाही.

हँडओव्हर संपता संपता आत काहीतरी हललं. हिच्याजवळ जाऊन बस. आवाज वगैरे काही नव्हता. कोणी आवाजाचं सांगितलं तर माझा चटकन विश्वास बसत नाही. पण काय करायचं ते इतकं स्पष्ट कळलं की न कळल्याचं सोंग घ्यावं लागलं. मी विद्यार्थिनीला म्हटलं, "7 नंबर तू बघ, मी पलीकडची रांग घेते."

हे मला नवीन नव्हतं. आमच्या चर्चचे पाळक कित्येक महिने मागे लागले होते, मंडळीतली रुग्णभेटीची सेवा हाती घ्या म्हणून. मी म्हणायचे, दिवसभर रुग्णच तर बघते. मग म्हणायचे, मला चारचौघांत प्रार्थना करता येत नाही. बायबलमधल्या मोशेनेही, देवाने कामाला बोलावलं तेव्हा, जीभ जड असल्याची सबब सांगितली होती, आणि शेवटी "दुसऱ्या कोणाला तरी पाठव" इथपर्यंत आला. पण त्याने निदान देवासमोर उभं राहून सांगितलं. मी पाळकांचा फोनच उचलत नव्हते.

देवाचं काम टाळणारे म्हणून उपदेशात मोशे आणि योना नेहमी भेटतात. मला मात्र दिमिष्कातला (दमास्कसमधला) येशूचा शिष्य हनन्या जवळचा वाटतो. नीट नावाच्या रस्त्यावर शौल आहे, येशूच्या शिष्यांचा छळ करणारा, त्याच्याकडे जा, असं प्रभू त्याला सांगतो. हनन्या म्हणतो, या माणसाने तुझ्या लोकांचं किती वाईट केलंय ते मी ऐकलंय. त्याची माहिती खरी होती आणि प्रभूनेही ती खोडून काढली नाही. तरी म्हणाला, जा. माझ्याकडचीही माहिती खरी होती. रजिस्टर होतं ना!

रात्री 2 वाजता विद्यार्थिनी आली. "सिस्टर, एकटीला कूस बदलता येत नाहीये." लुळ्या पेशंटला एकटीने वळवायचं नसतं, हे मीच तिला शिकवलं होतं. गेले.

चादर धरून दोघींनी त्यांना वळवलं, पाठ तपासली, उजव्या हाताखाली उशी दिली. तेवढ्यात त्यांच्या डाव्या हाताने माझं मनगट धरलं. ओळखलं होतं. तोंडातून फक्त "ता... ता... ता..." येत होतं. दरवेळी जोर वाढायचा आणि शब्द तोच. त्यांचे डोळे भरले. मला खरं तर मनगट सोडवून घ्यायचं होतं.

उशाशी घरच्यांनी ठेवलेला नवा करार होता. एका स्पीच थेरपिस्टनी आम्हाला सांगितलेलं आठवलं. अशा पेशंटना स्वतःचं वाक्य जुळवता येत नाही, पण लहानपणापासून पाठ असलेलं कधीकधी ओघात बाहेर पडतं. आकडे, वार, गाणी, प्रार्थना. विद्यार्थिनीला दुसरीकडे पाठवलं. तिच्यादेखत मला लाज वाटत होती, हे कबूल करते. मग स्टूल ओढून अगदी हळू प्रभूची प्रार्थना, येशूने शिष्यांना शिकवलेली, सुरू केली.

दुसऱ्या ओळीला त्यांचे ओठ हलले. तिसरीला आवाज आला. घोगरा, अर्धवट, पण शब्द होते. "राज्य" ऐकू आलं, "इच्छा" ऐकू आलं. रोजच्या भाकरीपर्यंत आम्ही बरोबर आलो. पुढची ओळ ऋण्यांची, म्हणजे आपलं वाईट करणाऱ्यांना क्षमा करण्याची. जसे आम्ही आपल्या ऋण्यांस... इथे माझाच घसा बंद झाला. शब्द माहीत होते, तोंडात येत नव्हते.

त्या थांबल्या नाहीत. अडखळत, अक्षरं गाळत एकट्याच पुढे गेल्या आणि ती ओळ पार केली. मी आमेनला कशीबशी जाऊन मिळाले.

त्यानंतर त्यांनी काही सांगायचा प्रयत्न केला, तर पुन्हा "ता... ता..." मेमोबद्दल असेल किंवा पाणी हवं असेल. तोंडाने पाणी द्यायची परवानगी नव्हती, म्हणून ओल्या गॉजने ओठ पुसले आणि चार्टवर वेळ लिहिली. 4 वाजता परत वळवायचं होतं. तेव्हा मीच गेले.

सकाळच्या हँडओव्हरला मी म्हटलं, "रात्री परत माझीच ड्युटी आहे, 7 नंबर माझ्याकडे राहू दे." जुन्या सहकारी सिस्टरने भुवया उंचावल्या. तिला मेमो माहीत आहे. मी पेन खिशात टाकलं आणि निघाले.

फोनवर पाळकांचे 2 मिस्ड कॉल होते. घरी जाऊन आधी झोपले.